शेवटच्या कडव्यातलं नाव

गुरुवार, संध्याकाळ

आज सकाळी देवळात कॅमेऱ्यासमोर भजन म्हटलं. गावोगावच्या तरुण गीतकारांवर माहितीपट निघतो आहे. भजन माझ्या पुतणीनं, सुनंदानं रचलेलं. मंडळात म्हणायचा मान मात्र माझा. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तिथं मी आमच्या गुरुजींचं घेतलं. सगळ्यांनी वाहवा केली.

सुनंदा म्हणाली, "काका, माह्यंच नाव काहून गिळलं तुमी?"

"जीभ घसरली, पोरी."

खरंच घसरली? की देवापुढे पोरीचं नाव घ्यायला अडली? देवाला तर त्याचं काही नसावं. दिवसभर तेच कडवं डोक्यात.

शेवटी तिवशाकडे निघालेली माहितीपटवाल्यांची गाडी फोन करून परत बोलावली, चूक सांगितली. या वेळी सुनंदा गायली, नावासकट. मी खंजिरी वाजवली.