टाकीत कोण राहील

४ मार्च

गेला एकदाचा! बादलीत मावत नव्हता. शेपूट बाहेर, मी गुडघ्यापर्यंत ओली. मासे विकणारी बाई स्वतः न्यायला आली होती. "आठ वर्षांचा ऑस्कर! काकू, हा कुत्र्यासारखा असतो, घरातली माणसं ओळखतो." ओळखतो की. मी काच पुसायला गेले की आतून अंगावर यायचा.

दीर दारातच उभा. "वहिनी, दादाचा जीव होता त्या माशात. तो पडून आहे म्हणून तुम्ही —"

पुढचं बोलायची त्याला हिंमत झाली नाही. मी पुरं केलं. "हो. पडून आहे म्हणूनच."

माणसांसमोर मी नवऱ्याला 'हे' म्हणते. इथे 'तो' लिहिणार. वही माझी आहे.

५ मार्च

टाकीसमोरच्या पलंगावर त्याचं तोंड भिंतीकडे. मान वळते आणि डावा हात हलतो, एवढंच राहिलंय. उजवं अंग ऑक्टोबरात गेलं, वाचाही तेव्हाच. जे उरलं होतं ते आज माझ्याकडे पाठ फिरवायला वापरलं.

७ मार्च

टाकी घासली. पाणी बदललं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा — हे त्यानंच एकदा ओरडून शिकवलं होतं. पाहुण्यांसमोर.

पाहुणे आले की खेळ असायचा. चहा झाला की तो वाटीतून एक जिवंत छोटा मासा टाकीत ऑस्करपुढे सोडायचा. "आता बघा हं." सगळे पुढे सरकायचे. मी कप गोळा करून आत जायचे. टाकीतून काही आवाज यायचा नाही. पाहुण्यांचा यायचा.

लेकीचा फोन. "आई, निदान बाबांना विचारायचंस तरी."

"कसं विचारू?"

"मान हलवतात ना ते."

हलवली असती. आडवी. म्हणून नाही विचारलं.

११ मार्च

दुकानात दोन तास गेले. बाईला विकायची घाई नाही, हे नवलच. आधी विचारते — वर कोण राहणार, मध्ये कोण, तळाला कोण? तिच्या मते टाकीतली भांडणं जागेवरून होतात. मी टेट्रांची एक जोडी मागितली. हसली. "काकू, टेट्राची जोडी म्हणजे दोन घाबरलेले मासे. घोळका न्या. घोळक्यात असले की रंग चढतो त्यांना."

मला एंजल आवडला होता. तिकोनी, ऐटबाज.

"आत्ता गोड दिसतोय. मोठा झाला की टेट्रा त्याच्या तोंडात मावेल. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा शेजारी नाही. एवढं धरून चाला."

एंजल राहू दे म्हटलं.

१३ मार्च

टेट्रा आणले. पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं उबदार होईपर्यंत. ठेवली. मग सोडले. एवढ्या मोठ्या टाकीत एका कोपऱ्यात मूठभर होऊन उभे राहिले. निळी रेघ, खाली लाल रेघ. तासाभरानं सगळे मिळून मधोमध आले. कुणी पुढारी नाही!

मी खुर्ची ओढून समोर बसले. या घरात टाकीसमोर खुर्ची टाकून मी आज पहिल्यांदा बसले.

१४ मार्च

नाही बघितलं त्यानं.

२० मार्च

तळाला कोरी मासे आले. दिवसभर वाळूत नाक खुपसून काहीतरी हुडकत असतात. वरच्या अंगाला मोती गुरामी — एक नर, दोन माद्या. गुरामीला छातीखाली दोऱ्यासारख्या दोन लांब मिशा असतात. जे समोर येईल त्याला आधी मिशांनी चाचपतो. काच, पान, शेजारी. मग बाजूला होतो. इतका सभ्य प्राणी माझ्या पाहण्यात नाही.

संध्याकाळी दीर. "हे काय पाळलंय, डासांच्या अळ्या?" मग आवाज खाली आणून, "दादा बघतो का?"

"भिंत बघतो."

"बघा! मन लागत नाही त्याचं."

"ऑस्कर अजून दुकानातच आहे. घेऊन जा. घरी पाळ."

"आमच्याकडे जागा कुठाय, वहिनी?"

जीव दादाचा, जागा माझी!

२८ मार्च

टाकीच्या मधल्या भागात अजून जागा आहे. दुकानात आज पट्टेवाले दिसले. टायगर बार्ब म्हणतात. सोनेरी अंग, काळे पट्टे, परांना लाल कड. क्षणभर स्वस्थ नाहीत. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकली होती. तिच्या नवऱ्यानं पिशवी भरून दिली. कुणाबरोबर ठेवायचे, हे मी विचारलं नाही. चाळीस वर्षं सगळं विचारून केलं. हे आवडले म्हणून आणले. बस्स.

२९ मार्च

काय धावपळ चाललीय टाकीत! पट्टेवाले एकमेकांच्या मागे सुसाट. खोलीच जागी झाल्यासारखी वाटते.

आणि त्यानं मान वळवली. तीन आठवड्यांनी. टाकीकडे बघितलं, बराच वेळ. मग डाव्या हातानं पलंगाचा कठडा बडवायला लागला.

३१ मार्च

बडवतोय. माझ्याकडे बघतो, टाकीकडे बघतो, बडवतो. चेहरा लालबुंद. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई खूश. "आजोबा, हाताला काय जोर आलाय! मारा अजून!"

दीर म्हणतो, सहन होत नाही त्याला. लेक म्हणते, "आई, काढून टाक ना ते. एवढ्याशा माशांसाठी हट्टाला पेटलीस?"

एवढ्याशा माशांसाठीच. मोठ्या कशासाठी कधी पेटले नाही, तर सवय कुठून असणार?

२ एप्रिल

आज त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बडवा. हात दुखेपर्यंत बडवा. ऑस्कर या घरात परत येणार नाही."

त्यानं मान आडवी हलवली. पुन्हा हलवली. डोळ्यांत पाणी.

"नाही तर नाही!" म्हटलं, आणि स्वयंपाकघरात आले. भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

३ एप्रिल

बडवणं चालू.

५ एप्रिल

ठरलं. उद्या दीर एकाला घेऊन येणार, दोघं मिळून पलंग आतल्या खोलीत नेणार. तिथून टाकी दिसणार नाही, म्हणजे त्रासही नाही. टाकी हलवा, असं दिराचं म्हणणं होतं. टाकी हलणार नाही, असं माझं.

"वहिनी, दगड झालात तुम्ही."

असेन. व्हायला उशीरच झाला.

नर गुरामी दोन दिवस पंपामागे उभा आहे. दाणे टाकले तरी येत नाही. थोडं पाणी बदलून बघितलं. काही फरक नाही. बाईला विचारायला हवं.

६ एप्रिल

"मिशा."

मी ताट घेऊन आत येत होते. त्याचा आवाज! सहा महिन्यांनी. जाडा, घासलेला, पण त्याचाच. पुन्हा म्हणाला, "मिशा." आणि बोट टाकीकडे.

पंपामागे वाकून बघितलं. गुरामीच्या दोन्ही मिशा कुरतडलेल्या, दोन खुंट उरलेले. आणि पलीकडे, माझ्या डोळ्यांदेखत, एक पट्टेवाला मादीची मिशी तोंडात धरून ओढत होता.

म्हणजे एवढे दिवस हे सांगत होता! ऑस्करचं काहीच नव्हतं.

"पट्टे," तो म्हणाला. "काढ."

"काढते."

"आत्ता!"

आल्या आल्या हुकूम! ताट खाली ठेवलं. दिराला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. कारण नाही सांगितलं. मग पलंग एकटीनं ओढला आणि टाकीला भिडवला. झाकण उघडलं. जाळी त्याच्या डाव्या हातात कोंबली.

म्हटलं, "घ्या. तुम्हीच काढा."