रिकामं उखळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा! बरोबर बाराला. धप धप — थोडं थांबणं — धप. ओसरीच्या कडेला मनकर्णा मुसळ चालवत होती. जवळ जाऊन पाहिलं तर उखळ रिकामं. मिरची नाही, मीठ नाही, एक दाणाही नाही.

"काय कुटून राहिली वं?"

"काई नाई, ताई." हात चालूच. नजर उखळात नव्हती, फाटकाकडे होती.

उखळ मीच हौसेने आणलं होतं. जंगलातल्या गावांतून आलेल्या या पाच बायकांना मनीषनगरच्या भाड्याच्या घरात काहीतरी आपलं वाटावं म्हणून. बाहेर पाटी 'शिवण वर्ग'. आत कोण राहतं ते आमच्या संस्थेचं ऑफिस, वॉचमन आणि मी एवढ्यांनाच ठाऊक. तिकडे दोन बाजूंच्या बंदुका दोन वर्षं गावागावांतून फिरल्या. वर्दी दोघांच्याही अंगात. या बायकांचं काय झालं ते माझ्या फाइलीत आहे. इथे लिहिणार नाही.

काजल त्यांच्यात सगळ्यांत लहान. एकोणीसची. मनकर्णाची भाची. चोवीस तारखेला तिची साक्ष. ती बोलली तर बाकीच्या बोलतील. नाही बोलली तर ते सगळे सुटतील आणि त्याच गावात फिरतील! म्हणून रोज बाराला मी जाते आणि तिच्याकडून जबाबाचा सराव करून घेते. माझा जीव टांगणीला लागलाय नुसता.

४ फेब्रुवारी

आज मुद्दाम अंगणात उभी राहून नीट पाहिलं. कुटणं सुरू झालं आणि घर बदललं. शिलाई मशीन थांबली. कोणीतरी गॅस बंद केला. दारातल्या चपला उचलल्या गेल्या. जिन्यावर पावलं. दोन मिनिटांत पाच बायकांचं घर कोणी राहतच नसल्यासारखं! शेगडीवर अर्धी भाजलेली पोळी तशीच. एकमेकींशी एक शब्द नाही.

"काजल!" मी हाक मारली. तिसऱ्या हाकेला आली. गच्चीवरच्या टाकीमागे होती. केसांत जाळी.

सराव झाला. पहिल्यापासून, तीनदा. एकदाही रडली नाही. शाब्बास! नंतर ओकली. तिखट कमी खा म्हटलं, पित्त झालंय.

६ फेब्रुवारी

शेजारचे गोपाळराव फाटकाशी आले. "भावनाताई, हे काय लावलं तुमच्या बायांनी? दुपारचा डोळा नाई लागून राहिला मले. अन् कुटून काय राहिल्या? वास तर कशाचाच नाई येत."

मसाल्याची ऑर्डर आहे म्हणून थाप मारली. ते आत डोकावत म्हणाले, "पण घरात तर कोणीच दिसून नाई राहिलं!"

मी फाटक लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

कोराडीला बहिणीकडे. रविवारी वॉचमन धर्मेंद्रचीही सुट्टी असते, बदलीवर म्हातारा रुपराव. फोन करून विचारलं. म्हणाला, "आज काईच आवाज नाई, बाई. बाया गाणे म्हणून राहिल्या."

गाणी? माझ्यासमोर तर कधी नाही.

११ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मुसळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. गोपाळरावांची कटकट तरी बंद! आज मनकर्णा दवाखान्यात. म्हटलं, सुटले.

बाराला धप धप — थांबणं — धप.

वच्छला होती. घरातली सगळ्यांत मुकी बाई. आल्यापासून माझ्याशी चार वाक्यं बोलली नसेल. पालथ्या बादलीवर लाटणं आपटत होती. तोच ठेका. तोंडावर काही नाही, राग नाही, भीती नाही. मी हात धरला तर डाव्या हाताने वाजवू लागली!

घाबरले. लिहायला लाज वाटते, पण घाबरले.

१२ फेब्रुवारी

डोकं चालवलं. रविवारी आवाज नाही. रविवारी धर्मेंद्र नाही. खाकी शर्ट, मोठे बूट. दिवसभर फाटकाबाहेर खुर्चीवर असतो. फाटकाच्या आत पाऊल टाकतो ते एकदाच — बाराला, माझी बॅग ओसरीवर ठेवायला!

तिकडचाच तर नसेल? त्या दोन वर्षांत तो कुठे होता? कोणी विचारलं त्याला?

१३ फेब्रुवारी

मनकर्णाला एकटीला घेऊन बसले. तिने हळूच सांगितलं.

"आमच्या गावात वर्दीवाले आले का बाया रिकामं उखळ कुटत, ताई. भरल्या उखळाचा आवाज दबते. रिकामं लांब जाते. शेतातल्या पोरी आयकत अन् पळत."

"आणि इथे काहून वाजवता?"

"बाराले फाटक वाजते ना. तवा."

"धर्मेंद्र? तो होता का त्यांच्यात?"

ती जमिनीकडे बघत राहिली. मग मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, नीट कळलं नाही, पण हलवली.

वीस वर्षं वकिलांना ओरडत आलेय — बाईच्या तोंडात नाव घालू नका, तिचं तिला सांगू द्या. आज मीच नाव घातलं. कळतंय. पण चोवीस तारीख तोंडावर आलीय, थांबायला वेळ कुठाय? आणि मान तर हलली ना!

ऑफिसला कळवलं.

१४ फेब्रुवारी

धर्मेंद्रला काढलं. जाताना रडला. "मॅडम, मी तं यायच्याकडे मान वर करून पाह्यलं नाई कधी. काय केलं मी, सांगा तं!" मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं हातात काही नव्हतंच. वर्दी कोणत्या बाजूची होती तेही पोलिसच शोधतील, ऑफिसवाले म्हणाले.

आज सराव ठेवला नाही. बायकांना गोळा करून म्हटलं, आता घाबरायचं काही कारण नाही. उद्यापासून फाटकावर बाई असेल. मुसळ परत दिलं. मनकर्णाने घेतलं. कोणी हसलं नाही. काजलने फक्त विचारलं, "उद्या बाराले, ताई?"

"हो, बाराला. आता फक्त दहा दिवस राहिले, बेटा."

घरी येऊन पहिल्यांदा शांत झोप येईलसं वाटतंय.

१५ फेब्रुवारी

मेघा — नवी वॉचमन — बाहेर खुर्चीवरच बसून होती. बॅग मीच घेतली, फाटक मीच उघडलं. अंगणात दुसरं कोणी नाही.

धप धप.

वर पावलं पळाली. मनकर्णा माझ्याकडे बघत होती, माझ्या हातातल्या फाइलीकडे. मी मागे सरले, फाटकाबाहेर. मुसळ थांबलं. कितीतरी वेळ तशीच उभी होते. मग एक पाऊल आत टाकलं.

धप धप.