एक लांब, दोन आखूड

आकुरेरी, ११ मार्च २०१२

लाडके रान्वेग,

तुझं पत्र पोचलं. तू बरी असशील असं लिहिणार होते, पण आठ दिवस डोळ्याला डोळा नाही असं तूच लिहिलंयस, तेव्हा ते राहू दे. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, बर्फ खिडकीला टेकलाय, आणि काल क्लेइनुर, आपले पिळाचे गोड वडे, तळले तर आपल्या नातीच्या, इदुनच्या, बँडमधल्या दोघांनी उभ्या उभ्या बत्तीस संपवले. वाजवणारी माणसं इतकी खातात हे मला ऐंशी ओलांडल्यावर कळलं.

वाजवणारी म्हणायची आपली. अगं, नुसती बटणं आणि वायरी. बँडची रेकॉर्ड माझ्या घरी केली तेव्हा माझं स्वयंपाकघर मेंढरू कापल्यावर आतडी पसरावीत तसं दिसत होतं. इदुनने फ्रीजची घरघर टिपली, माझ्या विणायच्या सुयांची टकटक टिपली, शेवटी शेतावरच्या जुन्या फोनचा दांडा मलाच फिरवायला लावला. तिला त्याचं फार नवल. म्हटलं, अख्ख्या खोऱ्यात एकच तार होती, घरोघरची घंटा वेगळी, आमची एक लांब, दोन आखूड. घंटा कुणाचीही वाजो, रिसीव्हर सगळे उचलायचे आणि श्वास धरून ऐकायचे. पोर म्हणाली ही तर हेरगिरी झाली. म्हटलं, नाही गं, रीत होती. ऐकायचं सगळ्यांनी, बोलायचं कुणी नाही. मूल कुणाचं ते चौदा घरांना ठाऊक असायचं, आणि बारशाला सगळे गुपचूप कॉफी पिऊन यायचे.

मग तिने विचारलं, आजी, तू काय ऐकलंस? मी सांगून टाकलं. समोर माइक होता हे मला माहीत होतं, विसरले बिसरले नव्हते.

तू विचारतेस, "लोआ, तुला हे कळलं कसं?" सांगते ना. अठ्ठेचाळीसचा ऑगस्ट, मी वरच्या शेतावर थुरीदुर काकूकडे गवत ओढायला गेले होते. कॉफीला आत बसलो तर आपल्या घरची घंटा वाजली. काकूने रिसीव्हर उचलला, आणि तुमचंच आहे म्हणून अर्धा माझ्या कानाला लावला. जिल्हा शाळेचे हेडमास्तर होते. पाद्रीबाबांनी माझं नाव कळवलं होतं, वसतिगृहात एकच पलंग उरलाय म्हणाले. आणि तुझा गोड आवाज आला, "लोआला शाळेची आवड नाही. ती म्हणते, रान्वेगलाच पाठवा."

काकूने फोन ठेवला, माझा कप परत भरला. म्हणाली, "तारेतलं तारेतच ठेव, पोरी." मी ठेवलं. संध्याकाळी घरी आले तर तू नाचत होतीस, शाळेने मलाच बोलावलंय म्हणून. मी तुझे लोकरीचे मोजे रफू करून दिले, तीन जोड. शेतावरून लिहायचे ती पत्रं तू लाल पेन्सिलीने चुका दाखवून परत पाठवायचीस, तीही जपून ठेवलीत.

असो. रेकॉर्ड झकास झाली. माझा आवाज त्यांनी चिरला, ताणला, पाण्याखालच्या सीलसारखा केला. फक्त तुझं ते वाक्य स्वच्छ ठेवलंय, माझ्या तोंडून, अकरा वेळा. मग ढोल. रेक्याविकला पोरं त्यावर उड्या मारतात, एका सुरात म्हणतात. परवा पोहण्याच्या तलावाच्या गरम कुंडात बायका मला विचारत होत्या, ही रान्वेग कोणती. मी डोकं पाण्याखाली घातलं. खूप हसले गं.

आता तुझ्या विनंतीचं. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी शाळेच्या सभागृहाला तुझं नाव देतायत. तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस, योग्यच आहे. कार्यक्रमाला इदुनचा बँड बोलवा असं समितीला तूच सांगितलंस, रेकॉर्ड न ऐकताच, त्याला मी काय करू? आता म्हणतेस निदान तेवढं एक गाणं वगळा. मी पंधरा वर्षांची होते, म्हणतेस. हो, आणि मी सतराची.

लपवत नाही. इदुनने तुझं पत्र वाचलं, तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आजी, एका बटणाचं काम आहे. तू म्हण, मी काढते."

मी म्हटलं, "आवाज वाढव."

तू लिहिलंयस, मी मरेपर्यंत तरी थांबायचंस. अगं वेडे, मग तू ऐकणार कशी?

मी नवा स्वेटर विणायला घेतलाय, निळा. पहिल्या रांगेत बसेन. तुला नाहीच जमलं यायला तर मनाला लावून घेऊ नकोस. सभागृहाच्या दारावर तुझ्या नावाची पाटी असेलच, रान्वेग कोणती ते आता कुणी विचारणार नाही.

खूप खूप पापे,
तुझी मोठी बहीण,
लोआ