विमानात मागं बसणारा

सोमवार, ता. ८ मे १९३९

रेवणप्पाचं पत्र आलं. नातू माझा — चीन देशात जखमींच्या मलमपट्टीला गेलाय. शेजारच्या तिप्पण्णानं वाचून दाखवलं; ही वहीबी मी सांगते तशी त्योच लिहितोय. जपान्यांची विमानं बाँब टाकून जात्यात. पाठीवर एक बंदूक, पोटाखाली एक. मागं तोंड करून एकजण बसतो. "ती बंदूक बचावाची, आजी. दुसरं विमान पाठीला लागलं तर." बचावाची! दवाखान्याची म्हातारी स्वैपाकीण पाणी घेऊन चालली हुती, तिच्यापासनं कसला बचाव? त्या मागच्यानं तिला रस्त्यावर आडवी केली. रेवणा तिलाबी आजी म्हणायचा म्हणं. त्याच्या दंडाला गोळी चाटून गेली.

आमच्या धनगरांत कळपामागं चालणारा लंगडं कोकरू खांद्यावर घेतो. ह्यो मागं बसून मारतोय!

मंगळवार, ता. ९

बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली — त्या मागं बसणाऱ्याचं डोळं मिटल्याबिगर तोंडात गोड घालणार न्हाय. सून कमलम्मा हात धरत हुती. "आत्याबाई, कुणाच्या मरणावर भंडारा उचलू नगा." म्हटलं, पोरगा तुझा, आन् दया त्याची? गप बस.

शुक्रवार, ता. २ जून

बेंदूर. घरात पुरणाच्या पोळ्या. मी भाकरी खाल्ली.

बुधवार, ता. २१ जून

दुसरं पत्र. एक विमान पाडलं. त्यातला मागं बसणारा जित्ता सापडला, अर्धा भाजलेला. रेवणाच्याच हाताखाली हाय. म्हातारीला मारणारा त्योच का, ठाव न्हाय. "एकोणीस वर्साचा हाय, आजी. मी चमच्यानं पाणी पाजतो. त्यो खुणेनं सांगतो — विमान कुटं चाललंय ते आपल्याला दिसत न्हाय, मागं काय ऱ्हायलं तेवढंच दिसतं. ह्याच्यासाठी बिरोबाला भंडारा वाहा."

तिप्पण्णा वाचायचा थांबला. माझी शपथ सगळ्या गल्लीला ठाव. कमलम्मा उठून चुलीकडं गेली. बोलली असती तर बरं हुतं — भांडता तरी आलं असतं.

एकोणीस! त्याचीबी कुणी म्हातारी असंल की. माझ्या तोंडाला हाड न्हाय.

शुक्रवार, ता. २३

भंडाऱ्याची शपथ मोडली की उचलणाऱ्यावर उलटती. उलटू दे! त्याच्यावरची पीडा माझ्यावर येऊ दे.

कमलम्माला म्हटलं, पोळी कर.

"आज? सण न्हाय, वार न्हाय."

"कर म्हटलं की!"

तिला कळलं. पुरण वाटताना म्हणाली, "आत्याबाई, तुमास्नी काय झालं तर?"

"तुझं काम कमी हुईल."

ती हसली, मग पदर डोळ्याला लावला. मी दोन पोळ्या खाल्ल्या, वर गुळवणी.

सोमवार, ता. १७ जुलै

पत्र आलं. ते भाजलेलं पोरगं मे महिन्याच्या अखेरीलाच गेलं. मी पोळी खाल्ली त्याच्या लई आधी.

शपथ मोडायला बसले, आन् पुरी करून उठले.