दोन बोटं सैल

बाई, नारायणगावच्या तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही विणकाम शिकायला बसायचो, तेव्हा भाकरी थापता थापता तुमची नजर आमच्या सुयांवर असायची. मी स्वतःसाठी रुंद आडव्या पट्ट्यांचा स्वेटर विणायला घेतला होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "आगं, आधीच तू ऐसपैस, त्यात ह्ये आडवं बांध कशाला घालतीस? उसव. जाड माणसाला उभी नक्षी, बारक्याला आडवी." मला रडू फुटलं. तुम्ही पिठाचा हात पाठीवर ठेवलात, पण बोललेलं मागे घेतलं नाहीत. तोंडावर खरं बोलायची तुमची खोडच होती. उभ्या वेण्यांचा तो स्वेटर मात्र मला इतका शोभला, की लग्न होऊन खोडदला आले तेव्हा सासूबाईंनीही कौतुक केलं.

आता मी ह्यांच्यासाठी विणतेय. पुढच्या महिन्यात लेकीचा साखरपुडा आहे आणि आजारपणाने ह्यांचं अंग पार उतरलंय. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार काही हातात नाही. ह्यांना घोर एकच, "पावण्यांना मी आजारी दिसाया नगं." म्हणून तुमचं सगळं आठवून विणलं. आडव्या जाड पट्ट्या, खांद्यावर फुगीर वीण, गळ्याची हाडं झाकेल अशी उंच कॉलर. विणून होईपर्यंत तो ह्यांच्या अंगावर लोंबायला लागला. दुपारी हे झोपले की मी उसवते आणि टाके कमी करून पुन्हा विणते. ह्यांना त्यातलं काही ठाऊक नाही.

परवा घालून बघितला तर चापून बसला. हे आरशापुढून हलेनात. "बघ, घट्ट व्हतोय! अंग धरलंय मी. दोन बोटं सैल कर, साखरपुड्यापातुर आजून भरंन." मी बरं म्हणाले. सैल केला तर पुन्हा लोंबणार, नाही केला तर ह्यांना काय सांगू? रोज विचारतात, केलास का. मी सुया हातात घेऊन नुसती बसते.

हा कागद लोकरीच्या पिशवीतच राहणार. तुम्ही असता तर मी तुमच्याकडेच धावले असते. तुम्ही माप घ्यायला घरी आला असता, ह्यांच्या छातीला हात लावला असता आणि जे दिसलं ते बोलून मोकळ्या झाला असता. इतकी वर्षं तुमच्या आठवणीने हळहळले, बाई. परवा हे आरशात बघून हसत होते, तेव्हा मात्र तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.