सुतकातला वाल

श्री. सन १९५८, नोव्हेंबर महिन्याची १४ तारीख, वार शुक्रवार, त्या दिवशी मी, माणिकबाई भ्रतार कै. दामोदर राऊत, वय वर्षे ४८, धंदा शेती, राहणार एक्सर, बोरिवली, माझ्या पाठीमागच्या व्यवस्थेचा हा कागद करून ठेवते ऐसा जे :

माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटात गाठ आहे आणि सोमवारी मोठ्या इस्पितळात ती कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. घाबरण्यासारखे नसते तर असे म्हणाले नसते, एवढे मला कळते.

माझे शिक्षण मराठी दुसरी. सही येते, बाकीचे माझे अक्षर कोणाला लागत नाही. म्हणून मी सांगते आणि वकिलांचे कारकून चंद्रप्रकाश लिहितात. ते मघापासून म्हणतात, “बाई, असं मृत्युपत्रात घालत नाहीत.” मी म्हटले, “मरणार कोण, तुम्ही की मी? मग मी सांगते ते घाला.”

१. राहते घर, परसातल्या विहिरीसह, मुलगा नंदकुमार याला. कौले दर वर्षी चाळून घ्यावीत. फोर्टातल्या हापिसातून कौलांवर लक्ष राहत नाही.

२. माझ्या चार पाटल्या आणि एकदाणी मुलगी उत्तरा हिला. पोस्टातले पैसे इस्पितळाला आणि माझ्या क्रियाकर्माला लावावेत. गावजेवण घालू नये. ज्यांनी जिवंतपणी माझ्या घरचे पाणी सोडले, त्यांना मेल्यावर मी लाडू का घालू?

३. विळी सून मृणालिनी हिला. ती टेबलावर सुरीने भाजी चिरते. चिरू दे. पण सोललेला वाल दुभंगायचा नसेल तर हाताने सोलावा लागतो, आणि त्या कामात ती माझ्यापेक्षा चपळ आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिले.

४. आता शेत. कारकून, नीट बसा.

विहिरीपलीकडचे शेत माझे आहे. पूर्वी विधवेला नुसते कसून खायचे होते, परवाच्या नव्या कायद्याने ते माझ्या मालकीचे झाले, असे वकील म्हणाले. पावसाळ्यात त्यात भात होते. भात कापले की राहिलेल्या ओलीवर कडवा वाल. त्याला पाणी द्यावे लागत नाही, राख आणि शेणखतापलीकडे काही घालावे लागत नाही. हा वाल बारीक, तांबूस, बाजारच्या वालासारखा टपोरा नाही. बाजारचा शिजून पीठ होतो. आमचा बिरड्यात अख्खा राहतो आणि गिळल्यानंतर कडू लागतो. सासूबाईंना त्यांच्या सासूने दिला, त्यांनी मला. बी राखेत घोळून मडक्यात भरायचे, तोंड शेणमातीने लिंपायचे आणि कार्तिकात घरच्याच माणसाने फोडायचे. परक्या हाताने मडके उघडत नाहीत. उपाशी मरायची वेळ आली तरी त्या मडक्यातले खायचे नाही. दोन पावसाळे काढलेले बी उगवत नाही, म्हणून एकही साल चुकवायचे नाही.

आता हा वाल फक्त माझ्या मडक्यात राहिला आहे. कसा, ते लिहिते.

आठ वर्षांपूर्वी कार्तिकातच माझे यजमान गेले. शेत वाफशावर आले होते, म्हणजे पाय रुतत नाही आणि माती मुठीत धरली तर लाडू वळतो, अशी वेळ. ती चार-पाच दिवस टिकते. सुतक दहा दिवसांचे. चौथ्या दिवशी पहाटे मी मडके फोडले आणि टोकणीची काठी घेऊन शेतात गेले. धाकटे दीर श्यामकांत बांधावर आले.

“वहिनी, दादाची राख अजून निवली नाही आणि तुम्ही सुतकात बियाण्याला हात लावता?”

मी म्हटले, “भाऊजी, तुम्ही ओल धरून बसता का दहा दिवस? बसत असाल तर मी घरी जाते.”

त्या दिवसापासून भावकीने माझ्या घरचे पाणी सोडले. भाऊजींनी स्वतःच्या अर्ध्या शेतात अकराव्या दिवशी पेरले. माती दगड झाली होती. चार भोकांत एक कोंब. पुढल्या साली त्यांनी बाजारचे बी आणले, वर पोत्यातले पांढरे खत घातले. वेल पाल्याने असा माजला की गुरे खुश. शेंगा नाहीत. मग शेतच कारखान्याला देऊन टाकले, आणि आता माझेही शेत मिळावे म्हणून कारखानदाराचा निरोप घेऊन नंदूला फोर्टात गाठतात. त्यांची बायको, माझी जाऊ रत्नप्रभा मात्र दर श्रावणात मागल्या दाराने मुलगी पाठवून बिरड्याला वाल नेते. पाणी चालत नाही, वाल चालतो.

बियाणे मात्र भाऊजींनी कधी मागितले नाही. मागितले असते तर दिले असते. तोंडाने मागणाऱ्याला बी नाही म्हणायचे नाही, ही सासूबाईंची रीत.

५. यंदा पाऊस लांबला. आज शेतात घोट्यापर्यंत पाय रुततो. वाफसा बुधवार-गुरुवारी येईल. मी सोमवारी इस्पितळाच्या टेबलावरच गेले तर तो माझ्या सुतकात येईल. म्हणून अट घालते : जो माझ्या सुतकात, वाफशावर, स्वतःच्या हाताने वाल पेरील, शेत त्याचे.

काल नंदूला हे सांगितले. तो म्हणाला, “आई, असं अभद्र कशाला बोलतेस? आणि सुतकात पेरलं तर लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते मी आठ वर्षं ऐकतेय. मेले का मी?”

तो बुटाची नाडी बांधू लागला. ते मला आवडले नाही. मृणालिनीने त्याच्याकडे पाहिले, ते आवडले.

उत्तराला लग्न झालेली लेक म्हणून सुतक तीनच दिवसांचे. ती येऊ शकते. पण तिची सासू तिला विरारहून चौथ्या दिवशी चिखलात उतरायला पाठवील का, याची मला खात्री नाही. उत्तरानेही दिली नाही. रडली फक्त.

६. दोघांनीही पेरले नाही तर कोण? कारकून म्हणतात, तिसरे नाव हवे. मी सकाळपासून विचार करते आहे. नाव नाही. जागा मोकळी सोडा.

७. साक्षीला मी मुद्दाम दीर श्यामकांत यांना बोलावले आहे. त्यांनी सही केली की ‘वहिनींचं डोकं फिरलं होतं’ असे उद्या कोर्टात म्हणता येणार नाही.

पुढचे कलम भाऊजी आल्यावर घातले.

८. श्यामकांत हे आठ वर्षांत प्रथमच ओटीवर आले. बसले नाहीत. कागद पुरा वाचला. त्यांच्या माजलेल्या पाल्याचे कलम दोनदा वाचले. मग मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, “इथे माझं नाव घाला.”

मी म्हटले, “तुम्ही? सुतकात? शेत मिळवून कारखान्याला द्यायला?”

“शेत नको. ते पोरांचंच राहू द्या. बी द्या मला.”

“म्हणजे मागताय?”

भाऊजींनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “मागतोय.”

“आणि सुतकाचं काय? भावकीचे तुम्ही. दहा दिवस तुम्हालाही आहेत.”

“आठ वर्षं तुमच्या घरचा पाण्याचा थेंब घेतला नाही. नातं तुटलेलं सगळ्या एक्सरला ठाऊक आहे. मग मला तुमचं सुतक कसलं? चौथ्या दिवशी उतरेन शेतात. कोण अडवतो बघतो.”

“रत्नप्रभाला विचारलंत?”

“नाही.”

म्हणून लिहून ठेवते की दोन्ही मुलांनी पेरले नाही तर मडके श्यामकांत यांनी फोडावे. ते घरचेच आहेत. पीक आल्यावर बियाणे त्यांचे. शेत नंदकुमार व उत्तरा यांचे निमेनिम, आणि श्यामकांत त्यात दर कार्तिकात वाल पेरतील तोवर ते विकू नये.

कारकून म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या भांडण निघते. भाऊजींनी लेखणी खाली ठेवली आणि शेजारच्या सहदेव पाटलांना हाक मारली.

मी जगून आले तर हा कागद चुलीत घालीन, पण बी मागितले ते मागितले. ते मी विसरणार नाही.

एवढे झाल्यावर मी उठले. म्हटले, “भाऊजी, उन्हातून आलात. पाणी आणू?”

“नको,” ते म्हणाले. “प्यायलो तर सुतक लागेल.”

हा कागद मला वाचून दाखवला, मी ऐकला, माझे म्हणणे बरोबर उतरले आहे.

सही : माणिकबाई दामोदर राऊत

साक्षीदार :
१. श्यामकांत राऊत (नाव खोडले), सहदेव पाटील, एक्सर
२. लवू म्हात्रे, एक्सर

लिहिणार : चंद्रप्रकाश, वकिलांचे कारकून

मुक्काम एक्सर, बोरिवली. तारीख १४ नोव्हेंबर १९५८. शेत अजून ओले.