पहाऱ्याच्या यादीतलं नाव

१२ जानेवारी

प्रिय भाऊजींना,

वहिनीचा नमस्कार. पाठदुखी कशी आहे? इथे ठीक चाललंय. हे जाऊन उद्या महिना होईल. तुमचा फोन आला तेव्हा मी नुसतंच "हं, हं" करत राहिले. राग मानू नका. बोलायचं फार होतं, म्हणून बोलताच आलं नाही.

एक बातमी आहे. आपल्या चर्चला दीडशे वर्षं होतायत, त्याचा इतिहास छापणार आहेत. परवा फादर कच्चा मजकूर वाचून दाखवायला घरी आले होते. परक्या साहेबांनी ते स्वतःसाठी बांधलं, आपल्या माणसांना मागे बिनपाठीची बाकं दिली, सगळं नीट लिहिलंय. सासूबाई म्हणायच्या ना, "बांधलं त्यांनी, झाडलं आपण. मग ते कुणाचं?" हे सांगितलं तर फादर खो खो हसले आणि लिहून घेतलं.

पुढे लढाईचं पान आलं. भर दुपारी विमानं आली, बाजार जळाला. चर्चच्या छतावर आगीचा गोळा पडला, तो राखणदाराने, म्हणजे यांनी, फावड्याने उचलून खाली अंगणात फेकला आणि चर्च वाचलं. दाराशी दगडी पाटी बसणार आहे, तिच्यावर यांचं नाव.

"आजी, बरोबर आहे ना? मग इथे सही करा," फादर म्हणाले. "पहाऱ्याच्या यादीत त्या दुपारी त्यांचंच नाव आहे."

मी म्हटलं, "आधी चहा घ्या."

यादीत नाव यांचं होतं. छतावर तुम्ही होतात. पहारा चुकवणाऱ्याला तेव्हा तुरुंग होता, म्हणून यांना वाचवायला तुम्ही त्या गोळ्याने भाजलेला हात चुन्याने भाजला असं सांगितलंत. यांचा सत्कार झाला तेव्हा पट्टी बांधलेल्या त्याच हाताने टाळ्या वाजवल्यात, आणि आठवड्याच्या आत लांबची नोकरी धरलीत. आपल्यात भांडण झालं नाही, म्हणून ते मिटलंही नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या दुपारी यांना ताप नव्हता. आदल्या रात्रीच्या जागरणाने हे गाढ झोपले होते आणि दोन वाजता मी उठवायचं होतं. मी उठवलं नाही. लग्नाला चार महिने झाले होते. हे छतावर गेले की परत येईपर्यंत मी दारातून हलायचे नाही. मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, "दादांना ताप आहे, आज तुम्ही जाता का?" तुम्ही म्हणालात, "त्यात काय, वहिनी? दादाला काढा पाजा. कडू करा, म्हणजे लवकर उठेल." आणि गेलात.

यांना मी सांगितलं, भाऊजीच म्हणाले झोपू द्या. यांचा शेवटपर्यंत तोच समज होता. दर वर्षी कुणी ती गोष्ट काढली की हे उठून बाहेर जायचे.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात. दादा चांगले दोन वेळा वाढून घेत होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मलाही वाढा."

फादरांना मी सगळं सांगितलं, तापासकट. चहा गार होऊन गेला.

"म्हणजे दादांचं नाव काढायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. यांना बरं वाटेल."

"आणि तुम्ही केलंत ते?"

"तेही लिहा. घाबरले होते, असं लिहा."

सही मी केली नाही. नव्या मजकुराखाली तुमची हवी आहे, तो सोबत पाठवतेय. तुम्हाला नको असेल तर तसं कळवा. पण एवढं ऐका. मी तुम्हाला मरणाच्या तोंडी पाठवलं आणि तुम्ही कळूनही मला उघडं पाडलं नाहीत. एकेचाळीस वर्षं हे माझ्याशेजारी घोरले, भांडले, म्हातारे झाले. त्यातला एकही दिवस मला फुकटचा वाटला नाही.

तुमच्या जिवावर संसार केलेली,
वहिनी